‘कर्जापायी, का डोक्यापायी?’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुलगावला अगदी लागून असलेल्या नाचणगावात काही दिवसांपूर्वी एका बैठकीसाठी जाण्याचा योग आला. विषय होता मनाचे आरोग्य. अशा बैठकांना बायका आधी येतात, पुरुष मागून येतात आणि दाराशी उभे राहतात. माझे बोलणे संपत आले तेव्हा दाराशी उभे असलेल्या एका वयस्कर कास्तकारांनी विचारले, “ताई, एक सांगा. आमच्या इकडे माणसं जिवाचं बरंवाईट करून घेतात, ते कर्जापायी होते का डोक्यापायी?”

मनोविकाराच्या क्षेत्रात समाजसेविका म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे. हा प्रश्न मी विद्वानांच्या परिषदेतही ऐकला आहे, पण इतक्या थोडक्या शब्दांत नाही. तिथे त्याला ‘सामाजिक घटक विरुद्ध मानसिक आजार’ असे म्हणतात. एक बाजू म्हणते, कापसाला भाव द्या, कर्ज फेडा, आत्महत्या थांबतील; मन वगैरे शहरातली थेरं आहेत. दुसरी बाजू म्हणते, कर्ज हजारोंना असते, जीव मोजकेच देतात. म्हणजे हा नैराश्याचा आजार आहे, त्यावर औषध द्या. दोन्ही बाजूंकडे आकडे आहेत. त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते अपुरे होते. आज थोडे सविस्तर सांगते.

वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी आणि गावचे सरपंच राहिलेले साहेबराव करपे यांनी आपल्या कुटुंबासह वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथे जीवन संपवले. राज्यातील शेतकरी कुटुंबाची ही पहिली जाहीर नोंद झालेली आत्महत्या मानली जाते. ‘पहिली’ म्हणजे पहिल्यांदा जगाच्या लक्षात आलेली, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवसाच्या स्मरणार्थ २०१७ पासून अनेक जण १९ मार्चला एक दिवस अन्नत्याग करतात. पुढे विदर्भातले आकडे वाढत गेले. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देण्याचे शासनाने ठरवले. चांगलेच केले. पण मदत कोणाला, हे ठरवायचे तर कारण ठरवणे आले. नापिकी, बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे न फिटलेले कर्ज, आणि वसुलीचा तगादा या कसोट्यांवर प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरू लागले. माणूस गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी चौकशी येते. घरच्यांना विचारले जाते, काय झाले होते? आता विचार करा, त्या घरातली बाई काय सांगेल? तिचा नवरा सहा महिने झोपत नव्हता, जेवत नव्हता, पोरांशी बोलत नव्हता, संध्याकाळी दारू घेत होता, हे ती सांगेल का? ते सांगितले तर ‘व्यसनी होता, वेडसर होता’ असा शेरा बसून प्रकरण अपात्र होण्याची धास्ती. म्हणून ती फक्त कर्ज सांगते. ते खोटे नसते, पण अर्धेच असते. अशी अर्धी गोष्ट गावोगाव वीस वर्षे सांगितली गेली, आणि मग गावालाही वाटू लागले की दुसरा अर्धा भाग नसतोच. माझ्या मते या पात्र-अपात्राने जेवढे नुकसान केले, तेवढे अज्ञानानेही केले नसेल.

उरलेला अर्धा भाग कसा शोधायचा? सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. अमोल डोंगरे आणि डॉ. प्रदीप देशमुख यांनी वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत लोकांनाच विचारले, की तुमच्या मते ही कारणे कोणती. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी एक कारण सांगितलेच नाही. कर्ज सांगितले, व्यसन सांगितले, निसर्गाचा लहरीपणा सांगितला, मालाला न मिळणारा भाव, मनावरचा ताण आणि घरच्या जबाबदाऱ्या, सरकारी अनास्था, सिंचनाचा अभाव, लागवडीचा वाढता खर्च, खासगी सावकार, सारे सांगितले. आणि ही कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत, हेही सांगितले. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांना हे पक्के ठाऊक होते की दोरीला एकच पीळ नसतो.

हा पीळ कसा बसतो ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण आपल्यापैकी प्रत्येकाला त्यात कोणीतरी ओळखीचे दिसेल.

समजा, पाच एकरांचा एक कास्तकार आहे. कपाशी, त्यात तुरीच्या ओळी, थोडे सोयाबीन. दोन वर्षे नापिकी झाली. कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे थकलेले कर्ज, मुलीचे लग्न तोंडावर. इथपर्यंत ही अर्थशास्त्राची गोष्ट आहे. चिंतेने झोप जाते. झोप गेली की आठवड्या-पंधरवड्यात मेंदूचे काम बदलते. सकाळी उठावेसे वाटत नाही, अंग जड होते, भूक मरते, छोटा निर्णयसुद्धा डोंगराएवढा वाटतो. हा माणूस वावरात उशिरा जाऊ लागतो, मग जातच नाही. निंदण राहते. पीकविम्याचा अर्ज भरायची तारीख निघून जाते. बँकेने बोलावले तरी तो जात नाही, कारण साहेबांसमोर तोंड दाखवायची लाज वाटते. कर्जाचे पुनर्गठन होऊ शकले असते, ते होत नाही. म्हणजे कर्जाने मन आजारी केले, आणि आजारी मनाने कर्ज वाढवले. आता संध्याकाळी थोडी घेतली की झोप लागते, म्हणून दारू येते. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, त्यामुळे ती कशी आणि कुठे मिळते हे मी सांगण्याची गरज नाही. दारू नैराश्य घालवत नाही, दुसऱ्या दिवशी वाढवते. आणि ऐन वाईट क्षणी माणसाचा आवर काढून घेते.

आता सांगा, हे कर्जापायी झाले की डोक्यापायी?

शेजारच्या कास्तकारावरही तेवढेच कर्ज होते, तो का नाही खचला, असे लोक विचारतात. कोणाच्या रक्तात नैराश्याचा कल असतो, कोणाच्या घरात आधी असा मृत्यू झालेला असतो, कोणाला जुने दुखणे असते. पण बऱ्याचदा शेजाऱ्याकडे फक्त एवढेच जास्त असते, की त्याचा भाऊ नोकरीला आहे आणि तो फोन करतो, किंवा त्याची बायको बचत गटात आहे आणि घरात दोन डोकी मिळून हिशेब करतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखाईम याने १८९७ मध्येच लिहून ठेवले होते की माणूस समाजाशी किती बांधलेला आहे, यावर आत्महत्येचे प्रमाण अवलंबून असते. आपल्याकडे त्याला ‘माणसात असणे’ म्हणतात.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शेतकरी आत्महत्या हा शब्द इतका रुळला की इतर दिसेनासे झाले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यात सर्वाधिक २२,७४६ महाराष्ट्रातले. शेती क्षेत्रातले, म्हणजे शेतकरी आणि शेतमजूर मिळून, ११,२९० होते आणि त्यात शेतमजूर शेतकऱ्यांपेक्षा जास्त होते. रोजंदारीवर काम करणारे एकूण मृतांच्या चौथ्या हिश्शाहून अधिक. आणि गृहिणी २५,३०९, म्हणजे शेती क्षेत्रातील आकड्याच्या दुपटीहून जास्त! त्यांच्यासाठी ना पॅकेज, ना समिती. त्यांच्या नावावर सातबाराच नसतो, तर त्या पात्र कुठून होणार? त्यांच्या बाबतीत ‘घरगुती कारण’ असे दोन शब्द लिहिले की कागद मिटतो. त्या दोन शब्दांत मारहाण असते, मुलगा होत नाही म्हणून टोमणे असतात, बाळंतपणानंतरचे नैराश्य असते.

आता उपायांकडे वळू. उपाय नाहीतच, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ‘ज्याची वेळ भरली त्याला कोण अडवणार?’ हे वाक्य मी मयतीच्या घरी शंभर वेळा ऐकले असेल. ते सांत्वन म्हणून ठीक आहे, पण ते खरे नाही.

आपल्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात मांडले. प्रकल्पात केले काय? गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवले. त्यांनी छोट्या बैठकांत नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली, ‘टेन्शन’ या लोकांच्याच शब्दात. ज्याला त्रास आहे त्याला धीर दिला, त्याच्यावरचा समुपदेशक गाठून दिला आणि गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ. प्रकल्पाआधी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. अठरा महिन्यांनी ते प्रमाण २७ वर गेले. मागील वर्षभरात आत्महत्येचे विचार आले असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी वेगळी गावे घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय प्रकल्पालाच देता येणार नाही, पावसापाण्याचाही वाटा असेल. तरी एक गोष्ट पक्की झाली. खेड्यातला माणूस मनाच्या त्रासासाठी मदत घेत नाही असे जे म्हणतात ते चूक आहे. दारात मदत आली तर तो घेतो.

राज्य शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यामागेही हाच विचार होता. आशाताईने घरोघरी जाऊन झोप, भूक, मनःस्थिती यांची विचारपूस करायची. आशाताईंच्या डोक्यावर आधीच किती कामे आहेत हे मी जाणते. लसीकरणाच्या यादीसारखे हे प्रश्न घाईघाईने विचारले तर उत्तर ‘सगळं बरं आहे’ असेच येणार. पण चुलीपाशी पाच मिनिटे बसून विचारणाऱ्या आशाताईंनी घरेच्या घरे सावरलेली मी पाहिली आहेत.

पैशाची मदतही उपचारासारखी काम करते का? करते. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना सरकारने थेट रोख मदत दिली, तेव्हा त्या भागांतल्या आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणून हमीभाव मागणाऱ्यांना ‘आधी समुपदेशन घ्या’ म्हणणे जितके चूक, तितकेच गोळी मागणाऱ्याला ‘आधी क्रांती होऊ दे’ म्हणणे चूक. बुडणाऱ्याला दोर टाकताना नदीवर पूल हवा की नको ही चर्चा करत नसतात. पूलही हवाच, पण तो उद्या.

तिसरा उपाय थोडा वेगळा आहे आणि शेतीवाल्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे. फवारणीची विषारी औषधे घरात हाताशी असणे हा मोठा धोका आहे. आत्महत्या नेहमी महिनोन्महिने ठरवून होते असे नाही. अनेकदा ती भांडणानंतरच्या, अपमानानंतरच्या एका घडीत होते. ती घडी टळली तर माणूस बहुधा वाचतो, आणि प्रयत्नातून वाचलेले बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. पुढच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने ९३,००० जीव वाचले. घरोघरी कुलपाची पेटी द्यावी, असाही उपाय त्याच देशात १८० गावांत करून पाहिला गेला. त्याचा मात्र उपयोग दिसला नाही. कुलपाची किल्ली घरातच असते ना! म्हणून माझे सांगणे असे, की औषध हंगामापुरते, लागेल तेवढेच आणावे. उरलेले घरात ठेवू नये. आणि घरात कोणाचे मन ठीक नसेल तर त्या दिवसांत घरात औषध नकोच, ते दुसऱ्याच्या ताब्यात द्यावे. बंदीचे काम सरकारचे आहे, ते त्याला सोडून द्या असे मी म्हणत नाही. ग्रामसभेतून ठराव पाठवता येतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. विचारायचे कसे? ‘मरणाचे नाव काढले तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार येईल’, या भीतीने घरचे गप्प बसतात. ही भीती निराधार आहे. थेट पण मायेने विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट ओझे हलके होते. ‘भाऊ, लई दिवस झाले तुम्ही बोलत नाही. जीव नकोसा वाटते का? मरणाचे विचार येतात का?’ एवढे विचारायचे आणि मग आपण गप्प बसायचे. उपदेश नको. ‘बायकापोरांचा विचार कर’ हे तर अजिबात नको. तो त्यांचाच विचार करत असतो. आपण त्यांच्यावर ओझे झालो आहोत असे त्याला वाटत असते, हाच तर आजार आहे. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडायचे नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्राम, सावंगी या तिन्ही ठिकाणी मनोविकारांवर उपचार होतात. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून गोळ्या टाकून देणारे फार भेटतात. त्या दिवसांत सोबत लागते.

‘जो बोलतो तो करत नाही’ ही म्हणही मनातून काढून टाका. बोलणारा मदत मागत असतो. आणि बरेच दिवस उदास असलेला माणूस एकाएकी शांत झाला, देणीघेणी मिटवू लागला, आवडत्या वस्तू वाटू लागला, तर ‘सुधारला’ म्हणून निश्चिंत होऊ नका.

एकदा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला धोका सर्वाधिक असतो. गाव नेमके त्यालाच टाळते, किंवा टोमणे मारते. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी असे १,८६७ जण घेतले. निम्म्यांना नेहमीचा उपचार. बाकीच्यांना त्याशिवाय तासाभराचे बोलणे आणि पुढील दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. बस, एवढेच. दीड वर्षाने पहिल्या गटातील २.२ टक्के आत्महत्येने गेलेले होते, दुसऱ्या गटातील ०.२ टक्के. या नऊ भेटींत मोठे मानसशास्त्र नव्हते. ‘कसे आहात, झोप येते का, काही लागते का’, असलीच विचारपूस. ही गोष्ट शेजारी करू शकतो, शिक्षक करू शकतो, सोसायटीचा सचिवही करू शकतो.

पोलिसांच्या भीतीने काही घरे अशा माणसाला दवाखान्यात नेत नाहीत किंवा खरे सांगत नाहीत. कायदा आता बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नासाठी शिक्षा सांगणारे जुने ३०९ कलमच नाही. तेव्हा डॉक्टरांना खरे सांगा. फोनवर बोलायचे असेल तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत मिळते, मराठीतही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली.

नाचणगावच्या त्या बैठकीत हा क्रमांक मी सांगितला होता. लोक पांगले, तसे प्रश्न विचारणारे ते कास्तकार जवळ आले. म्हणाले, “ताई, तो नंबर कागदावर लिहून द्या. मोठा लिहा, चष्मा घरी राहिला.” मी लिहून दिला. त्यांनी घडी घालून टोपीत ठेवला. मी विचारले, “काका, कोणासाठी?”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लहान भाऊ आहे. पोळ्यापासून वावरात आला नाही तो.”

“घरी आहेत का आता?”

“आहे. पडून आहे.”

मी आशाताईंना हाक मारली आणि आम्ही तिघे त्यांच्या घराकडे निघालो.